पांखरांचें पाणपात्र

सन २०१६ च्या एप्रिलांत लातूरकरांची तहान भागविण्यासाठीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडीच्या १० वाघिणींतून सुमारें ५ लक्ष लिटर पाणी आलें. माणसांची सोय झाली. पण अंगणांतल्या पांखरांनीं कोठें जावें? गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे, याचें आम्हांस स्मरण झालें.

नांदेडास गेलों असतां आम्हीं जुन्या बाजारांतून एक पितळी घंगाळ स्वस्तांत आणलें, चिंचेनें लखलखीत केलें, आणि कांठोकांठ भरून लातुरास अंगणांत मांडलें. दुसरे दिवशीं त्यांत एक चिमणी बुडून मेलेली आढळली. भांडें खोल, कड गुळगुळीत. बिचारीच्या पायांस आधारच नव्हता. आम्हीं शोभा पाहिली, पांखरूं पाहिलें नाहीं.

तेव्हांपासून आम्ही मोडींतून उथळ वस्तूच निवडतों. फुटक्या रांजणाचें बूड सर्वांत उत्तम; माती झिरपते, म्हणून पाणी थंड राहतें. पाणी दोन बोटेंच असावें, मध्यें एक खडबडीत दगड ठेवावा. जागा सावलीची, पण मांजरास दबा धरतां येणार नाहीं अशी असावी. पाणी रोज बदलावें व बूड काथ्यानें घांसावें, म्हणजे डास होत नाहींत. जुन्या लांकडी खोक्यास सव्वा इंचाचें भोंक पाडून तें वळचणीस टांगल्यास चिमणीस घरटें करितां येतें.

तें घंगाळ आम्हीं टाकलें नाहीं. त्यांत माती भरून सदाफुली लाविली आहे. आणि शेजारीं रांजणाच्या बुडांत चिमण्या निर्धास्त न्हातात.