मॉरिशसचे सरन्यायाधीश आणि राष्ट्राध्यक्षांची खुर्ची

फेब्रुवारी २००२ मध्ये अवघ्या दहा-अकरा दिवसांत मॉरिशसने चार राष्ट्रप्रमुख पाहिले. ना बंड झाले, ना कुणाचा मृत्यू. प्रश्न होता एका सहीचा.

अमेरिकेवरील ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अनेक देशांनी दहशतवादविरोधी कायदे केले, तसा मॉरिशसनेही केला. संशयिताला काही काळ वकिलालाही भेटू न देता कोठडीत ठेवण्याची मुभा त्यात पोलिसांना होती. राष्ट्राध्यक्ष कासम उतीम यांना हे पटले नाही. तिथल्या घटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्ष विधेयक एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. मात्र संसदेने ते पुन्हा मंजूर केले, की सही करावीच लागते. उतीम यांनी सही केली नाही, १५ फेब्रुवारीला राजीनामा दिला. उपराष्ट्राध्यक्ष अंगिदी चेट्टियार यांच्याकडे कार्यभार आला. तीन दिवसांनी त्यांनीही तोच मार्ग धरला. आता कोण?

घटनेत उत्तर होते. दोन्ही पदे रिकामी असतील, तर राष्ट्राध्यक्षांचे काम सरन्यायाधीशांनी पाहायचे. सरन्यायाधीश अरिरंगा पिल्ले त्या खुर्चीत बसले आणि त्यांनी विधेयकावर सही केली. २५ फेब्रुवारीला संसदेने कार्ल ऑफमन यांना राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडले आणि पिल्ले आपल्या मूळ कामाकडे वळले.

कागदावर यात काहीच चुकलेले नाही. पण श्रोतेहो, जरा विचार करा. उद्या एखादा नागरिक हाच कायदा घटनाबाह्य आहे असे म्हणत न्यायालयात आला, तर त्या न्यायालयाच्या प्रमुखाचीच सही कायद्यावर! पिल्ले यांना दोष देण्यात मात्र अर्थ नाही. आधीच्या दोघांना राजीनाम्याची वाट मोकळी होती. सरन्यायाधीशाने ती धरली असती, तर न्यायसंस्थाही प्रमुखाविना राहिली असती.

मॉरिशस हा जेमतेम दोन हजार चौरस किलोमीटरचा देश. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याहून थोडी अधिक. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून तिथे उतरलेल्या भारतीयांत कोकणातली मराठी माणसेही होती आणि त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. ब्रिटिशांनी १८१० मध्ये हे बेट फ्रेंचांकडून घेतले, पण फ्रेंचांचा दिवाणी कायदा तसाच राहू दिला. त्यामुळे तिथल्या न्यायाधीशाला फ्रेंच संहिता आणि इंग्रजी न्यायपद्धती, दोन्ही मुखोद्गत असावी लागतात. अशी माणसे छोट्या देशात मोजकीच असणार, आणि मग एकाच माणसाच्या डोक्यावर अनेक टोप्या येतात. न्यायाधीशांची निवड सुचवणाऱ्या आयोगाचे अध्यक्षही सरन्यायाधीशच असतात.

त्यांची स्वतःची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, पंतप्रधानांशी विचारविनिमय करून. ‘सल्ल्यानुसार’ आणि ‘विचारविनिमय करून’ यांतला फरक वरवर किरकोळ वाटतो, पण सारी मेख तिथेच आहे. विचारविनिमय केला म्हणजे ऐकलेच पाहिजे असे नाही. नको झाले म्हणून सरकारला सरन्यायाधीशांना घरी पाठवता येत नाही. त्यासाठी आधी न्यायाधिकरण बसते, मग प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीकडे जाते आणि तिने तसा सल्ला दिला तरच पदावरून दूर करता येते. देश १९६८ मध्ये स्वतंत्र झाला, १९९२ मध्ये प्रजासत्ताक झाला, तरी शेवटचे अपील आजही लंडनलाच जाते. स्वाभिमानी माणसाला हे खटकेल. पण सगळे एकमेकांना ओळखतात अशा बेटावर, कुणाच्याही ओळखीचा नसलेला न्यायाधीश कुठेतरी असणे ही सोयही आहे.

आपल्याकडेही असा प्रसंग येऊन गेला आहे. १९६९ च्या मे महिन्यात राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले. पुढे निवडणूक लढवण्यासाठी व्ही. व्ही. गिरी यांनी राजीनामा दिला आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला महिनाभर हंगामी राष्ट्रपती झाले. त्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद भूषवलेले हे गृहस्थ. त्याच महिनाभरात बँक राष्ट्रीयीकरणाचे विधेयक संमतीसाठी आले. पुढे त्या कायद्याला आव्हान मिळाले, तेव्हा न्या. जे. सी. शहा यांच्या अध्यक्षतेखाली अकरा न्यायाधीशांचे पीठ बसले. हिदायतुल्ला त्यात नव्हते.

मॉरिशसमध्ये हा योग नोव्हेंबर २०१९ मध्ये पुन्हा आला. तेव्हा सरन्यायाधीश एडी बॅलन्सी काही दिवस राष्ट्राध्यक्षांचे काम पाहत होते. २ डिसेंबरला पृथ्वीराजसिंग रूपन यांची निवड झाली आणि बॅलन्सी न्यायालयात परतले. या वेळी सहीवरून कुणाचा राजीनामा झाला नव्हता, म्हणून बाहेर फारशी चर्चाही झाली नाही.