कोल्हापुरात जन्मलेल्या तरुणाचा विषय : पाचारण

चर्चच्या तरुण संघात बायबल अभ्यासाला विषय कोणता घ्यायचा? एक उत्तर कोल्हापूरशी जोडलेलं आहे.

अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथंच जन्मला. १८८६ मध्ये अमेरिकेत माउंट हर्मन इथं विद्यार्थ्यांचं महिनाभराचं बायबल शिबिर भरलं. तिथं रॉबर्टनं मिशनसेवेसाठी पाचारणाचा विषय लावून धरला. शेवटी १०० विद्यार्थ्यांनी परदेशी सेवेची तयारी दाखवली. यातूनच ‘स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट’ उभी राहिली.

आजही हा विषय तीन व्यक्तींमधून अभ्यासता येतो : हाक ओळखायला शिकलेला शमुवेल, हाक टाळून पळालेला योना आणि तरुणपणीच जबाबदारी मिळालेला तीमथ्य. मग चर्चेला प्रश्न एकच : हाक दूरदेशीचीच असते, की शेजारचीही?