नेतृत्वाची नाडी (भाग ९) : बारडोलीच्या म्हशी

१९२८ च्या उन्हाळ्यात सुरत जिल्ह्यातल्या बारडोली तालुक्यात माणसं आणि जनावरं एकाच छपराखाली कोंडून घेऊन राहत होती. दाराला कुलूप, आत चूल, आतच गोठा. जप्तीचं पथक शिवेवर दिसलं की ढोल वाजायचा, शंख फुंकला जायचा आणि गाव क्षणात मुकं व्हायचं. सरकारने जप्तीच्या कामाला पठाण आणले होते आणि त्यांचा डोळा मुख्यतः म्हशींवर होता. घरातली भांडीकुंडी लिलावात काय आणणार? दुभती म्हैस मात्र रोकडच. महिनोन्महिने उन्हात न गेल्याने या म्हशींचा काळा रंग उतरला, तेव्हा वल्लभभाई पटेलांनी भर सभेत या ‘गोऱ्या’ म्हशींवरून हशा पिकवला.

या म्हशींची आधीची गोष्ट जास्त मजेची आहे. ज्या सारावाढीवरून हे सगळं रामायण घडलं, तिच्या समर्थनाच्या कागदांतही म्हशी होत्या. फेरजमाबंदी करणारे अधिकारी एम. एस. जयकर (आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर नव्हेत) यांनी तालुका सुखवस्तू झाल्याचे पुरावे नोंदवले होते. ताप्ती व्हॅली रेल्वे आली, पक्की घरं वाढली, दुभती जनावरं वाढली, म्हणून सारा ३० टक्क्यांनी वाढवावा, अशी त्यांची शिफारस. वरचे अधिकारी अँडरसन यांनी दुसऱ्या वाटेने, जमिनींच्या खंडाच्या आकड्यांवरून, २९ टक्के सुचवले. मुंबई सरकारने उदार होऊन २२ टक्क्यांवर सौदा केला. म्हैस आधी ऐपतीचा पुरावा ठरली आणि मग जप्तीचा माल.

गेल्या भागात टॉमस कार्लाईलच्या १८४० च्या व्याख्यानांपासून निघालेली ‘थोर पुरुष’ कल्पना आली होती. नेता जन्मावा लागतो, इतिहास म्हणजे अशा थोरांची चरित्रं, हे तिचं सार. वल्लभभाईंना या साच्यात बसवणं सोपं आहे आणि शाळेच्या पुस्तकांनी ते केलंही आहे. १९०९ साली कोर्टात उलटतपासणी चालू असताना पत्नीच्या निधनाची तार आली, त्यांनी ती वाचून खिशात ठेवली आणि काम पुरं केलं, ही आठवण प्रत्येकाने ऐकलेली असते. पोलादी पुरुष, पोलादी स्वभाव, झालं!

पण हाच पोलादी माणूस १९१६ च्या सुमारास काय करत होता? विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला, अहमदाबादेत वकिली जोरात चाललेली, संध्याकाळी गुजरात क्लबात ब्रिजचे डाव. कोणी गांधी नावाचे गृहस्थ तिथे बोलायला येतात तेव्हा पत्ते सोडून उठायची इच्छाही त्यांना नव्हती. उलट टिंगल चालायची. स्वभाव तोच, निग्रह तोच, जिभेची धारही तीच. पुढारी मात्र अजून कुठेच नाही. अमेरिकन अभ्यासक राल्फ स्टॉगडिल यांनी १९४८ मध्ये नेत्यांच्या गुणांवरचे तोवरचे अभ्यास चाळून जो निष्कर्ष काढला, तो याच प्रश्नाला भिडतो. काही गुण नेत्यांत वारंवार दिसतात हे खरं, पण केवळ ते अंगी आहेत म्हणून कोणी नेता होत नाही. गुण, प्रसंग आणि सोबतची माणसं यांची गाठ पडावी लागते. वल्लभभाईंची ही गाठ १९१८ साली खेड्यापाड्यांतून फिरताना, खेडा जिल्ह्यात, पडली. नंतर १९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह आणि बोरसदच्या दंडाच्या कराविरुद्धचा लढा. बारडोलीला पोचले तेव्हा ते तयार गडी होते.

आता १९२८ चा जानेवारी. कुंवरजी मेहता आणि त्यांचे सोबती वल्लभभाईंकडे आले. सारा भरायचा नाही असं लोकांच्या मनात आहे, तुम्ही पुढे व्हा. अशा वेळी होतकरू पुढाऱ्याला गहिवरून यायला हवं. वल्लभभाईंनी उलटतपासणी सुरू केली. नुसती वाढ थकवायची की सगळाच सारा? जमीन खालसा झाली तर? गुरं गेली, तुरुंग झाला तर? ही तयारी किती गावांची आहे आणि ती कोणी तपासली? पुन्हा गावोगाव पाठवलं, पुन्हा बोलावलं, स्वतः बारडोलीत येऊन गावांच्या प्रतिनिधींना तेच प्रश्न घातले. मग गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांना पत्र. समाधानकारक उत्तर नाही म्हटल्यावर १२ फेब्रुवारीला ठराव झाला. इमामसाहेबांनी कुराणातला भाग म्हटला, कबीराचं भजन झालं, प्रतिज्ञा झाली.

ठरावातली मागणी बघण्यासारखी आहे. तिच्यात स्वराज्य नव्हतं, साराच रद्द करा असंही नव्हतं. एक तर जुना सारा पूर्ण भरणा म्हणून घ्या, नाही तर निःपक्ष चौकशी नेमा. एवढंच. सहा वर्षांपूर्वी, १९२२ मध्ये, गांधींनी याच तालुक्याची निवड सामुदायिक कायदेभंगासाठी केली होती आणि चौरीचौऱ्यानंतर तो बेत बारडोलीतच बसून मागे घेतला होता. तालुक्याच्या मनात तेव्हाची हुरहुर शिल्लक होती. त्यामुळे या वेळी लढा मोठा करण्याचा मोह मोठा होता. वल्लभभाईंनी तो कापून मापात आणला. पुढे देशभर सहानुभूतीचा सत्याग्रह करावा अशी सूचना आली तेव्हा खुद्द गांधींनीही, सरदारांनी आखलेली मर्यादा ओलांडू नये, असंच सांगितलं.

मागणी लहान ठेवल्याने काय साधलं, हे फ्रेड फीडलर या मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीतून नीट दिसतं. १९६७ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी नेत्याची परिस्थिती तीन गोष्टींनी मोजली. माणसांचा नेत्यावर विश्वास किती, काम किती स्पष्ट आणि हातात अधिकार किती. बारडोलीत तिसऱ्या रकान्यात भोपळा. वल्लभभाई कोणाला बढती देऊ शकत नव्हते की बडतर्फ करू शकत नव्हते. पाटील, तलाठी, मामलेदार, पोलीस सगळे समोरच्या बाजूला. पण काम इतकं स्पष्ट होतं की पाच वर्षांच्या पोरालाही कळावं. हप्ता भरायचा नाही. दार उघडायचं नाही. लिलावात बोली लावायची नाही. पहिल्या रकान्यातला विश्वास आदल्या वर्षीच्या महापुरातल्या मदतकार्याने आणि बोरसदच्या विजयाने जमलेला होता. आणि गंमत अशी की लढा पुढे गेला तसा तिसरा रकानाही फिरला. साठाहून जास्त गावपाटलांनी राजीनामे दिले, काही तलाठ्यांनीही दिले. अधिकार कागदावर सरकारकडे राहिला.

हे आपोआप घडलं नाही. तालुका छावण्यांमध्ये वाटलेला होता. सरभोणला रविशंकर महाराज, वराडला मोहनलाल पंड्या, असे एकेक कसलेले कार्यकर्ते नेमलेले. प्रसिद्धीचं काम जुगतराम दवे यांच्याकडे, रोजची ‘सत्याग्रह पत्रिका’ गावोगाव वाचली जायची. कुठे जप्ती, कुठे कोण डळमळतं, याची बातमी मुख्यालयात पोचायची. भाषणं करण्याची मुभा मोजक्यांनाच. (आजच्या कोणत्याही आंदोलनात हा एक नियम लावून बघावा.) वल्लभभाई तोवर अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते, ड्रेनेज, पाणी आणि कर यांच्या फायली हाताळलेल्या माणसाचा हात या रचनेत स्पष्ट दिसतो.

मग ही हुकूमशाही होती का? कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस आयोवात दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या गटांवर प्रयोग करून नेत्यांच्या तीन तऱ्हा सांगितल्या. हुकूम सोडणारा, सगळ्यांना घेऊन ठरवणारा आणि सगळं मोकळं सोडणारा. हुकूम देणाऱ्याच्या गटातली मुलं तो खोलीत असेतो काम करत, तो बाहेर गेला की ढेपाळत. बारडोलीत वल्लभभाईंची तऱ्हा दिवसागणिक बदलत होती. लढायचं की नाही, हे लोकांवर सोडलेलं. एकदा ठरल्यावर शिस्त फौजेची. आणि फुटीर माणसाशी वागताना तिसरंच काहीतरी. वालोडच्या दोन वाण्यांनी, जप्तीवाल्यांच्या हाती लागेल अशी रोकड ठेवून गुपचूप भरणा केला. गाव खवळलं, बहिष्काराची भाषा सुरू झाली. वल्लभभाईंनी आवर घातला. व्यवहार तोडा, पण अन्न, औषध, जगण्याच्या गोष्टी कोणाच्या अडवू नका. वाण्यांनी चूक कबूल केली, लढ्याच्या निधीला पैसे दिले आणि प्रकरण मिटलं. लेविनच्या मुलांच्या गटांना जप्तीला तोंड द्यावं लागलं नव्हतं, एवढं त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

याच काळातली एक मराठी आठवण इथे ठेवायला हवी. मुळशीचा सत्याग्रह १९२१ ते १९२४ चालला. टाटांच्या धरणाविरुद्ध मावळे उभे होते, पुढे सेनापती बापट. त्याग, धाडस, निष्ठा यांत बापट कोणाला हार जाणारे नव्हते. पण घोषणा होती ‘जान किंवा जमीन’, आणि प्रश्नाचा आकारच तसा होता. धरण होणार किंवा होणार नाही. जमीन अर्धी बुडत नाही. शिवाय पुण्यातले सावकार-जमीनदार भरपाईकडे वळले आणि कुळं मागे एकटी राहिली. बारडोलीतल्या प्रश्नाला आकडा होता, त्यामुळे मध्ये थांबायला जागा होती. बापटांना वल्लभभाईंपेक्षा कमी ठरवण्याआधी हा फरक ध्यानात घ्यावा लागतो. मागणी लहान करण्याची चैन प्रत्येक पुढाऱ्याच्या वाट्याला येत नाही.

शेवटची हालचाल मात्र पुण्यातच झाली. पावसाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम तिथे. गव्हर्नरांनी जुलैत अट घातली होती. आधी नव्या दराने सारा भरा, मग चौकशी. शेतकरी एक पै जास्त भरायला तयार नव्हते. वल्लभभाईंना अटक झाली तर कोणीतरी हवं म्हणून २ ऑगस्टला गांधी बारडोलीत येऊन बसले, तेही आपण सरदारांच्या हुकुमाखाली आहोत अशी भूमिका घेऊन. इकडे पुण्यात सर चुनीलाल मेहतांच्या बंगल्यावर खलबतं. तोडगा असा निघाला की गुजरातच्या कौन्सिल-सभासदांनी सरकारला पत्र लिहावं, ‘गव्हर्नरांच्या अटी पूर्ण होतील’ अशा अर्थाचं. कोण पूर्ण करणार, हे कुठेच नाही. वाढीची रक्कम त्रयस्थाने भरली. शेतकऱ्याने भरली नाही, सरकारला मिळाली, दोघांचीही मान ताठ. ६ ऑगस्टला समझोता झाला.

जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी १९७८ मध्ये नेतृत्वाचे दोन प्रकार मांडले. देवाणघेवाण करणारं आणि माणसं बदलवणारं. गांधी त्यांच्या दृष्टीने दुसऱ्या प्रकारचा नमुना. बारडोली या दोन खणांत बसता बसत नाही. पुण्यातलं पत्र ही अस्सल देवाणघेवाण; पण ज्या बायका कधी सभेला आल्या नव्हत्या त्या मिठूबेन पेटिट, भक्तिबा, मणिबेन यांच्यासोबत शेकड्यांनी येऊन बसल्या आणि वल्लभभाईंना ‘सरदार’ ही पदवी याच तालुक्याने दिली, ती काही सौद्यात मिळालेली नव्हे.

चौकशीला नेमलेल्या दोघांपैकी एक होते आर. एस. ब्रूमफील्ड. १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच न्यायाधीश. मॅक्सवेल आणि ब्रूमफील्ड गावोगाव फिरले. खंडाचे आकडे कोणी पडताळलेच नव्हते, हे त्यांना आढळलं आणि २२ टक्क्यांची वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली.

या सहा टक्क्यांच्या हिशेबात एक मोठा वर्ग कुठेच नव्हता. बारडोलीच्या शेतात राबणारे दुबळा समाजातले हाळी, म्हणजे लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी पाटीदार-अनाविलांच्या घरी पिढ्यान् पिढ्या बांधलेले मजूर. त्यांच्या नावावर खातं नव्हतं, त्यामुळे सारा नव्हता आणि थकवायला काही नव्हतं. फीडलर, लेविन, बर्न्स सगळे ‘अनुयायी’ हा शब्द वापरतात. १९२८ च्या बारडोलीत धन्याच्या बंद घरामागे म्हशींना चारा घालणारा हाळी त्या शब्दात मोजायचा की नाही, याचं उत्तर यांपैकी एकाही सिद्धांतात मिळत नाही. पुढच्या भागात महाडचं चवदार तळं, साल १९२७.