कॉलेजने दिलेला मेल नक्की कुणाचा?

आज बचतीचा, कर्जाचा, शिलाई मशीनचा विषय नाही. आज शिकायला बाहेर गेलेल्या आपल्या लेकींचा विषय आहे, आणि तो मला माझ्याच गटाच्या बैठकीत मिळाला.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मासिक बैठक संपली, वह्या भरून झाल्या, बायका उठून घराकडे निघाल्या. एक ताई मात्र बसून राहिल्या. त्यांची मुलगी शहरात विद्यापीठात एम.एस्सी. करते, हॉस्टेलवर राहते. ताईंनी हळूच विचारलं, "मॅडम, कॉलेजने पोरीला जो मेल दिलाय, तो तिथली माणसं उघडून बघू शकतात का?" मी म्हटलं, "छे! पासवर्ड तिच्याकडे आहे ना? मग कसं बघतील?" अगदी ठामपणे सांगितलं, आणि ते साफ चुकीचं होतं.

मुलीची अडचण अशी होती. तिच्या एका सरांचे रात्री-अपरात्री नको ते मेसेज यायचे. तिने धीर करून तक्रार लिहायला घेतली. विभागाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसली, कॉलेजच्याच मेलमध्ये मजकूर टाइप केला आणि पाठवायचा धीर झाला नाही म्हणून तसाच ड्राफ्टमध्ये ठेवला. दोन-तीन दिवसांत सरांचं वागणं एकदम बदललं. आता हा योगायोग, की कुणी तो ड्राफ्ट वाचून सरांच्या कानावर घातला? पोरीला झोप नाही. कळायला काही मार्गही नाही.

त्या दिवसानंतर मी या विषयाच्या मागे लागले. तालुक्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एका मॅडमकडे दोनदा जाऊन बसले. जे समजलं ते सांगते.

विद्यापीठात प्रवेश घेतला की मुलांना एक मेल आयडी मिळतो. दिसायला तो आपल्या जीमेलसारखाच असतो, बऱ्याचदा आतून गूगलचाच असतो. फरक एवढाच, की शेवटी संस्थेचं नाव असतं. पण फरक तेवढाच नाही. ते खातं म्हणजे भाड्याची खोली आहे. कुलूप आपण लावतो, पण दुसरी किल्ली मालकाकडे असते. संस्थेत जो माणूस ही सगळी खाती सांभाळतो, त्याला ॲडमिन म्हणतात. त्याला आपला पासवर्ड माहीत असण्याची गरजच नसते. तो पासवर्ड बदलू शकतो, खातं बंद करू शकतो, आणि संस्थेने तशी सोय घेतली असेल तर सगळ्यांच्या मेलमध्ये एखादा शब्द शोधूही शकतो. आपल्याला पत्ता लागत नाही. गूगल हे लपवत नाही. असं खातं पहिल्यांदा उघडताना, तुमच्या ॲडमिनला यातली माहिती पाहता येते, अशी सूचना येते. पण ती सूचना कोण वाचतं? आपण कर्जाच्या कागदावर सह्या करतो तशी मुलं "स्वीकारा" दाबून पुढे जातात.

"मग मी पुसून टाकते," असं ती मुलगी म्हणाली होती. पुसलेला मेल आधी 30 दिवस कचरापेटीत पडून राहतो. तिथून गेल्यावरही 25 दिवसांपर्यंत ॲडमिन तो परत आणू शकतो. संस्थेने मेल साठवून ठेवायची वेगळी सोय घेतली असेल तर त्याहूनही जास्त काळ. आणि आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. आपण स्वतःच्या मेलवरून जरी लिहिलं, पण पाठवलं सरांच्या कॉलेजच्या पत्त्यावर, तर त्याची एक प्रत कॉलेजच्या पेटीत जाऊन पडतेच.

लॅबच्या कॉम्प्युटरचं तर विचारूच नका. कित्येक लॅबमध्ये शिक्षकांच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक मुलाचा स्क्रीन दिसेल असा प्रोग्राम टाकलेला असतो. शिकवायला तो उपयोगाचा, पण तिथे स्वतःचं जीमेल उघडलं तरी तेही दिसणारच. काही मुली "इन्कॉग्निटो" नावाची काळी खिडकी उघडतात आणि निर्धास्त होतात. त्या खिडकीने फक्त त्या ब्राउझरमधला मागचा इतिहास राहत नाही. कॉम्प्युटर ज्याचा, त्याच्यापासून ती काही झाकत नाही.

हॉस्टेलच्या वाय-फायबद्दल मात्र उगाच घाबरू नका. स्वतःच्या फोनवरून वाय-फाय वापरलं, तर कोणती साइट कधी उघडली एवढं संस्थेला कळू शकतं, पण आतला मजकूर सहसा दिसत नाही. व्हॉट्सॲपचे मेसेज तर वाय-फायवाल्याला वाचताच येत नाहीत. वाय-फायसाठी फोनमध्ये एखादं "सर्टिफिकेट" टाकायला सांगितलं, तर मात्र ते कशासाठी हे विचारा. काही सर्टिफिकेटमुळे हा बंदोबस्त मध्येच उघडता येतो.

आता तुम्ही म्हणाल, हे आपल्याकडेच चालत असेल, मोठ्या ठिकाणी नसेल. तर ऐका. अमेरिकेतलं हार्वर्ड विद्यापीठ. 2012 साली तिथे सुमारे 125 विद्यार्थ्यांवर परीक्षेत कॉपी केल्याचा संशय आला. मोठा गाजावाजा झाला. तेवढ्यात संस्थेतला एक आतला मेल बाहेर वर्तमानपत्रांपर्यंत पोचला. तो कुणी फोडला हे शोधायला सप्टेंबर 2012 मध्ये विद्यापीठाने 16 रेसिडेंट डीनच्या मेलची तपासणी केली. रेसिडेंट डीन म्हणजे मुलांसोबत वसतिगृहात राहणारे, त्यांच्या अडीअडचणी ऐकणारे लोक. मुलं ज्यांच्याकडे मन मोकळं करतात, नेमक्या त्यांच्याच पेट्या चाळल्या. विद्यापीठाचं म्हणणं होतं, आम्ही फक्त मेलचा विषय शोधला, मजकूर वाचला नाही. असेलही. पण ज्याने मेल पुढे पाठवला होता तो एक सोडला, तर बाकीच्यांना याची गंधवार्ता नव्हती. मार्च 2013 मध्ये बोस्टनच्या एका वर्तमानपत्राने बातमी दिली, तेव्हा त्यांना कळलं. सहा महिने! आणि पुढच्याच महिन्यात तिथल्या डीन एव्हलिन हॅमंड्स यांना कबूल करावं लागलं, की आधी सांगितली त्यापेक्षा जास्त तपासणी झाली होती. त्या उन्हाळ्यात त्यांनी डीनपद सोडलं.

ही हकिगत वाचली तेव्हा मला आमच्या ताईंची मुलगीच आठवली. कुणी पाहिलं याच्यापेक्षा, पाहिलं की नाही हेच माहीत नसणं माणसाला जास्त पोखरतं.

हार्वर्डने पुढे 2014 मध्ये नियम केला. मेल उघडायचा तर सबळ कारण हवं, ठरावीक अधिकाऱ्याची परवानगी हवी, त्याची नोंद राहिली पाहिजे, आणि ज्याचा मेल उघडला त्याला साधारणपणे कळवलं पाहिजे. आपल्या गटात ठराव आणि दोन सह्यांशिवाय बँकेतून पैसा निघत नाही, तसंच हे. किल्ली आहे म्हणून कधीही कुलूप उघडायचं, असं नाही.

संस्थेची बाजूही आहे. 2015 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या रुग्णालयांच्या संगणकांवर हल्ला झाल्याचं उघड झालं आणि सुमारे 45 लाख लोकांची माहिती धोक्यात आली. त्यानंतर विद्यापीठाने आपल्या सगळ्या कॅम्पसच्या जाळ्यावर नजर ठेवणारी यंत्रणा बसवली. चोर येऊन गेल्यावर कुणीही कडीकोयंडा बदलेलच. पण बर्कलेच्या प्राध्यापकांना ते काही महिन्यांनी कळलं, आणि ते भडकले ते मुख्यतः याच गोष्टीवर.

आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. 2019 मध्ये केरळात एका कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये मुलींना संध्याकाळी 6 ते 10 मोबाइल बंदी होती. एका मुलीने ती मानली नाही, तिला हॉस्टेलमधून काढलं. ती उच्च न्यायालयात गेली आणि जिंकली. इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालय म्हणालं. तरी कॉलेजने दिलेल्या मेलचे नियम बहुतेक ठिकाणी कॉलेजच ठरवतं. म्हणून प्रवेशाच्या वेळी फी विचारतो तसं हेही विचारायला हरकत नाही, की मेलचे तुमचे नियम लेखी आहेत का, कोण उघडू शकतं, उघडल्यावर कळवता का? सरकारी विद्यापीठ असेल तर 10 रुपये भरून माहितीच्या अधिकारात ते नियम मागता येतात.

आणि ज्या मुलीला तक्रार करायची आहे, तिने मेलच्या भीतीने गप्प बसू नये. मजकूर स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या मेलवर किंवा सरळ कागदावर लिहावा. आलेले मेसेज पुसू नयेत, त्यांचे फोटो घरच्या कुणाकडे तरी ठेवावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असते. घटना घडल्यापासून 3 महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते, कारण योग्य असेल तर समिती आणखी 3 महिने वाढवून देते. मुलीचं नाव गुप्त ठेवणं समितीवर बंधनकारक आहे. तक्रार हातोहात द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही, शिक्क्यासह पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही, हे आपल्याला बँकेने शिकवलंच आहे.

ताईंची मुलगी गणपतीला घरी आली होती. आईच्या शेजारी बसून तिने तक्रार हाताने लिहिली, दोन प्रती केल्या. ताई स्वतः तिच्यासोबत एसटीने गेल्या आणि पोच घेऊन आल्या. समितीने तिला एकदा बोलावलं आहे, पुढची तारीख यायची आहे. ड्राफ्ट कुणी उघडला होता की नाही, हे अजून कुणी सांगितलेलं नाही. तक्रारीच्या शेवटी तिने तोही प्रश्न लिहिला आहे.