टाचेकडची झाडे

मी मराठीचा प्राध्यापक. भूगोल मॅट्रिकला सोडला तो सोडलाच! पण भाचा तुरीनला शिकतो. त्याच्या आग्रहाने मे महिन्यात इटलीला जाणे झाले.

तुरीनहून मिलानला निघालो, तो वेर्चेल्लीच्या आसपास खिडकीबाहेर पाहतो तर काय, पाण्याने भरलेली भातखाचरे! क्षणभर वाटले, आषाढातले कर्जतच आले. १८६६ साली पुऱ्या झालेल्या काव्हूर कालव्याने पो नदीचे पाणी इकडे फिरवले. पूर्वी लावणी-बेणणीला बायका गुडघाभर पाण्यात वाकून असत. आता सारे यंत्रावर.

तिथून आम्ही थेट दक्षिणेला, बुटाच्या टाचेकडे, पुल्या प्रांतात गेलो. देश तोच, पण नशीब निराळे. पाऊस पडतो तो हिवाळ्यात, आणि खालचा चुनखडीचा खडक तो गिळून टाकतो. मोठी नदी नाही. पिण्याचे पाणीसुद्धा विसाव्या शतकात डोंगरापलीकडून बोगद्याने आणावे लागले. अशा तांबड्या जमिनीत जगते ते ऑलिव्ह. गाल्लीपोली बंदरातून त्याचे तेल एके काळी लंडनच्या दिव्यांसाठी जाई. दिवाळी अंकात हे सांगायलाच हवे!

पण पाहिले ते काय? मैलोगणती करडी, निष्पर्ण झाडे. २०१३ साली गाल्लीपोलीजवळच झायलेला नावाचा रोग प्रथम आढळला. फेसात वाढणारा एक किडा त्याचे जंतू झाडात सोडतो, ते पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवतात. शेकडो उन्हाळे सोसलेले झाड मुळे जमिनीत असून तहानेने मरते. औषध नाही. रोग पसरू नये म्हणून सरकारने झाडे तोडायला काढली, तेव्हा २०१५ साली लोक आडवे आले, कोर्टकचेऱ्या झाल्या. त्यांना हटवादी म्हणणे आज सोपे आहे. पणजोबांच्या हातच्या झाडावर करवत चालवा म्हटल्यावर आपण तरी काय केले असते?

एका वृद्ध शेतकऱ्याने शेत दाखवले. रोगाला दाद न देणाऱ्या लेच्चीनो जातीची कमरेएवढी रोपे ओळीने लावली होती. मध्ये एक वठलेला बुंधा तेवढा राखलेला.

“मामा, ते म्हणतात, चार वर्षांत फळ धरेल,” भाच्याने सांगितले.

“त्यांचे वय विचार.”

विचारल्यावर आजोबा हसले. “एक्क्याऐंशी,” भाचा म्हणाला. तोवर ते झारी घेऊन पुढच्या रोपाकडे गेलेही होते.