आधी गाइड, मग विद्यापीठ
लेखमाला : पदवीनंतर परदेशी – लेखांक ६

अमेरिकेत किनेसिऑलॉजीच्या, म्हणजे शरीराच्या हालचालींच्या शास्त्राच्या एमएसला प्रवेश कसा मिळतो, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. प्रवेश झाला की लगेच विचारणा होते : थिसिस घेणार की नॉन-थिसिस? आपल्याकडे फिजिओथेरपीत एमपीटी करणाऱ्यांना हा प्रश्न पडतच नाही. सिनॉप्सिस, एथिक्स कमिटी, डेझर्टेशन, व्हायवा, सगळं सक्तीचं. तिकडे निवड करता येते आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

उदाहरण म्हणून गेन्सव्हिलचं फ्लोरिडा विद्यापीठ घेऊ. उपयोजित शरीरक्रियाशास्त्र आणि किनेसिऑलॉजी असा तिथे एकच विभाग आहे. एमएससाठी किमान ३० क्रेडिट लागतात आणि त्यात प्रबंधाच्या संशोधनाची जास्तीत जास्त ६ धरली जातात. जीपीए ४ पैकी ३ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. मार्गदर्शकासह प्राध्यापकांची समिती नेमायची, प्रबंध ग्रॅज्युएट स्कूलला सादर करायचा, शेवटची परीक्षा द्यायची आणि हे सगळं सात वर्षांच्या आत उरकायचं. कागदावरचे नियम एवढेच. पण ती ६ क्रेडिट उरलेल्या २४ क्रेडिटांइतका वेळ सहज खातात, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं.

वेळ जातो कुठे? समजा, विषय घेतला रात्रपाळी करणाऱ्या नर्सेसच्या ऑक्सिजन क्षमतेचा, म्हणजे व्हीओटू मॅक्सचा. चाचणीच्या दिवशी आधी श्वासातले वायू मोजणारं यंत्र जुळवून घ्यायचं. तीन लिटरच्या मोठ्या सिरिंजने हवा ढकलून फ्लो मीटर बरोबर वाचतोय ना, ते बघायचं. मग साधारण १६ टक्के ऑक्सिजन आणि ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या सिलिंडरवर गॅसचे आकडे ताडून घ्यायचे. हे चुकलं तर दिवसभराची मोजणी वाया. त्यानंतर मास्क लावून ट्रेडमिल. ब्रूस पद्धतीत सुरुवात ताशी २.७ किलोमीटर वेगाने आणि १० टक्के चढावर होते आणि दर तीन मिनिटांनी वेग व चढ दोन्ही वाढतात. चौथ्या टप्प्याला चढ १६ टक्क्यांवर जातो, तेव्हा रोज धावणाऱ्यालाही धाप लागते. व्यायाम वाढूनही ऑक्सिजनचा वापर वाढेनासा झाला की ती कमाल मर्यादा. गंमत अशी की ही सपाट रेषा बऱ्याच जणांत दिसतच नाही. मग श्वसन गुणोत्तर १.१० च्या वर गेलं का, यासारखे दुय्यम निकष लावावे लागतात. कोणते निकष लावणार, हे प्रपोजलमध्ये आधीच लिहून ठेवावं लागतं, नाहीतर समिती सोलून काढते. ऑक्सिजनच्या कमाल मर्यादेची कल्पना मांडणारे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल १९२० च्या दशकात पाठीवर हवेची पिशवी बांधून स्वतःच गवतावर धावले होते. आज तसं परस्पर उठून करता येत नाही.

कारण माणसांवरच्या प्रयोगाला आधी आयआरबीची, म्हणजे संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी लागते. अमेरिकेतल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं संशोधक कृष्णवर्णीय रुग्णांचा सिफिलिस उपचार न करता नुसता बघत बसले होते. ते उघडकीला आल्यावर अशी मंजुरी सक्तीची करणारा १९७४ चा कायदा झाला. संमतिपत्रातल्या एकेका वाक्यावरून अर्ज परत येतो तेव्हा विद्यार्थी वैतागतात, पण ही चाळण हवीच. मंजुरीनंतर माणसं मिळवायची. फोनवर 'हो' म्हणणारे सगळे येत नाहीत आणि आलेले सगळे दुसऱ्या चाचणीपर्यंत टिकत नाहीत. प्रबंध लांबतो तो बहुधा इथेच.

प्रबंधाचा प्रश्न मोठा असावा लागतो, असंही नाही. याच फ्लोरिडा विद्यापीठात १९६५ मध्ये फुटबॉल संघाच्या एका सहायक प्रशिक्षकाने विचारलं, खेळताना पोरांचं वजन एवढं घटतं, तरी त्यांना लघवीला का जावं लागत नाही? मूत्रपिंडतज्ज्ञ रॉबर्ट केड यांनी त्याचा माग काढला आणि त्यातून गेटोरेड हे खेळाडूंचं पेय आलं. ते काम वैद्यकीय महाविद्यालयातलं, एमएसच्या प्रबंधाचं नव्हे. तरी चांगला प्रश्न मैदानावर कसा सापडतो, हे त्यातून कळतं.

माझं मत विचाराल तर पुढे पीएचडी करायची असेल तरच थिसिस घ्या. फिटनेस किंवा कार्डियाक रिहॅबमधली नोकरी हवी असेल तर नॉन-थिसिस आणि सोबत इंटर्नशिप बरी. बीपीटीएच झालेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. या एमएसने अमेरिकेत फिजिओथेरपीचा परवाना मिळत नाही. त्याची वाट वेगळी आहे आणि तिथे आता डीपीटी (डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी) ही पदवी चालते.

थिसिसच घ्यायचा ठरला, तर अर्जाची फी भरण्याआधी तिथल्या दोन-तीन प्राध्यापकांचे अलीकडचे शोधनिबंध वाचा आणि त्यांना थोडक्यात ईमेल करा : तुमच्या अमुक कामातला अमुक भाग मला पुढे न्यायचा आहे, येत्या वर्षी विद्यार्थी घेणार आहात का? उत्तर 'नाही' आलं, तर त्या विद्यापीठाचा नाद सोडा.

(पुढील लेखांकात : असिस्टंटशिप आणि फीमाफी)