हलकी गिटार आणि हलक्या प्रतीची गिटार

"सर, फसवलं हो आम्हाला," मुलाच्या आधी वडीलच दारातून म्हणाले. मामाने परदेशातून आणलेली फ्लामेंको गिटार मुलाच्या हातात होती. तक्रारी तीन. उचलली तर वजनच लागत नाही, जोरात छेडली की तार खडखडते, आणि तबलीवर, म्हणजे गिटारच्या पुढच्या पाटीवर, कुणीतरी पारदर्शक प्लास्टिक चिकटवून ठेवलंय. निदान एका जाणकाराने आधीच करून दिलं होतं: "फ्लामेंको म्हणजे क्लासिकलचीच स्वस्तातली आवृत्ती."

हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. तिन्ही तक्रारी खऱ्या होत्या आणि त्या तिन्ही गोष्टी बनवणाऱ्याने मुद्दाम केलेल्या होत्या.

दोन्ही वाद्यं एकाच घरातली. आजच्या नायलॉन तारांच्या गिटारचा साचा एकोणिसाव्या शतकात अल्मेरियाच्या आंतोनियो दे तोरेस यांनी बसवला. ते रोझवूडच्याही गिटारी करत आणि सायप्रसच्याही. सायप्रस म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा सुरू नव्हे; भूमध्य समुद्राच्या काठचं, फिकट पिवळसर, हलकं लाकूड. स्पेनमध्ये ते हाताशी होतं, तर रोझवूड जहाजाने यायचं. त्यामुळे सायप्रसची गिटार स्वस्त पडे आणि ती फ्लामेंको गाणाऱ्या-नाचणाऱ्यांच्या हातात गेली. 'स्वस्त' या शब्दात खरं आहे ते एवढंच, आणि तेही दीडशे वर्षांपूर्वीचं.

कारागीर मात्र वेगळे नव्हते. क्लासिकलचे थोर वादक सेगोव्हिया यांची १९१२ची प्रसिद्ध गिटार आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. तिच्यावर मान्युएल रामिरेस यांचं लेबल आहे, पण ती त्यांच्या कारखान्यातल्या सांतोस एर्नांदेस यांच्या हातची मानली जाते. याच सांतोस यांच्या फ्लामेंको गिटारींसाठी वादक पुढे जीव टाकू लागले. तोच माणूस क्लासिकल करताना उस्ताद आणि फ्लामेंको करताना कामचुकार, असं कसं होईल?

आता वजन. फ्लामेंको गिटारला टाळ्या, नाचणाऱ्याच्या टाचा आणि उघड्या गळ्याचं गाणं यांच्यामधून वाट काढायची असते. आवाज चटकन उठला पाहिजे आणि चटकन विरलाही पाहिजे, नाहीतर वेगवान सुरांचा चिखल होतो. म्हणून पाट्या पातळ, अंग थोडं उथळ आणि पारंपरिक वाद्याला लोखंडी यंत्राऐवजी लाकडी खुंट्या. क्लासिकलचं काम उलटं: एकच सूर लांबवर टिकवायचा आणि शांत सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत गोलाईने पोचवायचा. पातळ पाटी न फुटता, न वाकता तारांचा ताण झेलेल अशी घडवणं हे जाड पाटी घडवण्याइतकंच कठीण काम आहे.

आणि खडखड. बाराव्या पडद्यावर क्लासिकलची जाड तार साधारण चार मिलिमीटर उंच असते, फ्लामेंकोची तीनच्या आसपास. उजव्या हाताने रासगेआदोचा, म्हणजे बोटं झपाझप तारांवरून फिरवण्याचा, सपाटा मारला की तार पडद्याला ओझरती घासते आणि आवाजाला धार येते. ती धार वादकाला हवी असते. तार घासून गुंजावी म्हणून तंबोऱ्याला जवारी लावणारं मिरज ज्या राज्यात आहे, तिथे हे समजावून सांगावं लागतं याची मला गंमत वाटते आणि थोडा रागही येतो. दोन्हींची तऱ्हा वेगळी आहे, पण गुंजणारा तंबोरा 'बिघडलाय' म्हणून आपण परत देतो का?

ते प्लास्टिक म्हणजे गोल्पेआदोर. फ्लामेंको वादक ताल धरताना नखाने तबलीवर ठोके देतो. प्लास्टिक नसेल तर थोड्याच दिवसांत तबलीला खड्डे पडतील.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"मागचं लाकूड भारी, तर आवाज भारी." खुद्द तोरेस यांनी १८६२मध्ये मागची पाटी आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या लावून गिटार केली, कारण आवाज मुख्यतः तबलीचा असतो हे त्यांना दाखवायचं होतं. ती आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. २०१८मध्ये लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी फक्त मागचं लाकूड वेगळं असलेल्या सहा गिटारी ५२ वादकांना न दिसतील अशा बेताने वाजवायला दिल्या. त्या स्टीलच्या तारांच्या होत्या, हे खरं. पण महागडं लाकूड कुणाला खात्रीने ओळखता आलं नाही.

"रोझवूड म्हणजे काहीतरी विलायती." 'इंडियन रोझवूड' म्हणजे सह्याद्रीतही वाढणारं आपलं शिसव, आजीच्या कपाटाचं. ब्राझीलचं रोझवूड महाग आहे ते १९९२पासून त्याच्या व्यापारावर आलेल्या कडक आंतरराष्ट्रीय निर्बंधांमुळे.

"फ्लामेंको म्हणजे सायप्रसच." फ्लामेंकोचे विख्यात वादक पाको दे लुसिया यांच्या हातात अनेकदा रोझवूडची, 'नेग्रा' म्हणतात ती गिटार असे.

"दुकानात स्पॅनिश गिटार मिळते." आपल्याकडे हे नाव फक्त हवाईयन गिटारहून वेगळी ओळखायला पडलं. तिचा स्पेनशी संबंध असेलच असं नाही.

"आवाज कमी येतो, स्टीलच्या तारा लावा." लावा, आणि घोडी उखडून हातात येण्याची वाट बघा. स्टीलचा ताण नायलॉनच्या जवळजवळ दुप्पट असतो.

मग पैसे कशाचे मोजायचे? आधी तबलीचे. गोल भोकाच्या कडेला टॉर्च लावून बघा. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून सरळ आत उतरत असतील तर तबली अखंड लाकडाची. कडेला थर दिसले तर ती प्लायवूड, मग लेबलवर कुणाचंही नाव असो.

त्यानंतर प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर हलक्या हाताने छेडा. हलक्या हातालाही एखाद्याच जागी खडखड झाली, तर तिथला किंवा त्याच्या पुढचा पडदा वर-खाली झालाय, आणि तो दोषच. जोरात मारल्यावरच, सगळीकडे सारखी धार येत असेल तर वाद्य ठीक आहे. मुलाच्या गिटारवर आम्ही तिघांनी मिळून हे सगळे पडदे तपासले. नववा पडदा जरा वर आला होता. तेवढा घासून घेतला. बाकीची खडखड तशीच ठेवली.